बारा नंबरचा संसार, सात नंबरची माणसं

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या आणि भावजींच्या पायांवर, एवढ्या लांबून जितकं वाकता येतं तितकं वाकून, डोकं ठेवतो. तुम्हा सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील अशी आशा आहे. (भावजींचा खोकला गेला असेल तर आनंदच, गेला नसेल तर तो आता घरचाच झाला, त्याला पाहुण्यासारखं वागवू नये.) इकडे मी उत्तम. एक दात गेला, पण तो दिसण्यातला नव्हता. वर्षभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, आणि तुझा राग रास्त आहे हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे त्या विषयावर आपला कागद वाया जायला नको. पत्र न लिहिण्याचं कारण आळस नाही. माझ्या हातून एक गोष्ट घडली होती आणि ती कशी सांगावी हे मला कळत नव्हतं. आज सकाळी देवापुढे बसलो होतो तेव्हा वाटलं, देवाला सांगून झालं आहे, आता अक्काला सांगायला हरकत नाही. तुझ्यात आणि देवात फरक एवढाच, की देव मधेच हसत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे, तरी भावजींना दर वेळी विसर पडतो म्हणून पुन्हा लिहितो. (मी सैन्यात नाही. बंदूक मी फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिली आहे.) छावणीच्या फाटकाजवळ कौलारू खोली आहे, तिच्यावर पाटी आहे, ‘नवागत कुटुंब स्वागत कक्ष’, आणि त्या कक्षातला सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे मी. जवानाची बदली होते, मागोमाग बायकापोरं येतात, आणि त्यांना क्वार्टरची किल्ली देणं, शाळा कुठं, दवाखाना कुठं, पाणी किती वाजता येतं हे सांगणं, थोडक्यात परक्या गावात त्यांना घरच्यासारखं वाटायला लावणं, हे सरकारने माझ्यावर सोपवलं आहे. अकरा वर्षं झाली. छावणीत सगळे मला ‘स्वागतराव’ म्हणतात. खरं नाव आता फक्त पगारपत्रकात आणि तुझ्या तोंडी उरलं आहे.

या कामातला सर्वात सुखाचा भाग कोणता ते तुला सांगतो, पण कुणाला बोलू नकोस. कुटुंब येण्याच्या आदल्या दिवशी मी क्वार्टर उघडायला जातो. नोंदवहीत मी लिहितो, ‘क्वार्टर हवेशीर केले’. प्रत्यक्षात खिडक्या उघडून जमिनीवर बसतो. रिकामं घर कान देऊन ऐकत असतं, अक्का. चुन्याचा वास येतो, लांबून बँडच्या सरावाचा एखादा सूर वाट चुकून आत येतो आणि रिकाम्या खोलीत दोन फेऱ्या मारून जातो. भिंतीवर पूर्वीच्या लोकांनी लावलेल्या तसबिरींचे चौकोन असतात, रंग दिला तरी ते वर येतात. मी त्या चौकोनांकडे बघत बसतो आणि उद्या येणारी माणसं कशी असतील, त्यांची खाट कुठल्या भिंतीला लागेल, सकाळचं ऊन कुणाच्या तोंडावर पडेल, असं मनाशी मांडत राहतो. मग हात जोडून म्हणतो, देवा, यांना इथं झोप लागू दे. बाकीचं मी बघतो. (हे ‘बाकीचं मी बघतो’ म्हणणंच मला भोवलं. देवाशी कामाची वाटणी करू नये.)

गेल्या वर्षी एका बुधवारी सकाळी सामानाचा ट्रक आला. दोन कुटुंबं गुरुवारी यायची होती. एक बँडमध्ये बिगूल वाजवणाऱ्याचं, त्याचं नुकतंच लग्न झालेलं, त्याला बारा नंबर दिला होता. दुसरं गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं, बायको आणि आठ वर्षांची मुलगी, त्यांना सात नंबर. ट्रकवाल्याने विचारलं, “कुठं उतरवू?” मी पेट्यांकडे पाहिलं. बावीस काळ्या पेट्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात हातभर उंचीचा आकडा, बारा. मला इतकं भरून आलं! केवढी शिस्तीची माणसं, म्हटलं, क्वार्टरचा नंबर आधीच घालून पाठवलाय. म्हटलं, “बारा नंबरला.” आणि पावतीवर सही केली. पावतीवर जवानाचं नाव होतं, ते वाचलं नाही. एवढा मोठा आकडा डोळ्यांसमोर असताना बारीक अक्षरांकडे कोण बघतो?

इथवरही निभावलं असतं. पण पेट्या उतरल्यावर मी त्यांच्यामध्ये उभा राहिलो आणि माझ्या मनात अकरा वर्षं घोळणारं एक स्वप्न जागं झालं. दर वेळी मी बघत आलो आहे, माणसं प्रवासानं शिणून येतात आणि बंद पेट्यांवरच बसून डबा खातात. चमचा कुठल्या पेटीत आहे ते कुणालाच माहीत नसतं. मला नेहमी वाटे, एकदा तरी कुणीतरी दार उघडावं आणि आत सगळं लावलेलं असावं, पलंगावर चादर, खिडकीला पडदा, खुंटीला टॉवेल. दोन हमालांना थांबवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत अख्खा संसार मांडला. कप खुंट्यांना अडकवले. पडदे लावले (उलटे, पण फुलं उलटी असली तरी फुलंच). लोखंडी गजांचा लहान मुलाचा एक पलंग निघाला, तो खिडकीपाशी ठेवला. नवविवाहितांच्या सामानात मुलाचा पलंग कसा, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, पण तो विचारायचा प्रश्न नव्हता. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, असेल काही. एक पेटी कुलूपबंद होती, ती तशीच ठेवली.

गुरुवारी बिगूलवाला आणि त्याची नवरी दोन बॅगा घेऊन आले. दार उघडल्यावर ती पोरगी उंबऱ्यातच थिजली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “किती छान लावलंय हो घर! मिठाचा डबासुद्धा भरलाय!” मी म्हणालो, “आमचं कर्तव्यच आहे.” त्या रात्री मी जेवलो नाही, एवढं पोट भरलं होतं. आता नंतर कळलेलं सांगतो. नवरी समजली की हे सगळं सरकारने दिलं आहे. बिगूलवाला समजला की हे सासऱ्याने पुढे पाठवलं आहे, आणि नवा जावई असल्यामुळे लाजून त्याने विचारलं नाही. मी समजलो की हे त्यांचंच आहे. तिघांचे तीन समज एका छपराखाली सुखाने नांदत होते. मुलाचा पलंग पाहून मात्र नवरी लाजली म्हणे, आणि नवऱ्याला म्हणाली, “सरकारला जरा घाईच दिसते.” तिने आईला चार पानी पत्र टाकलं की सैन्यात घर मिठासकट मिळतं. ते वाचून तिच्या माहेरच्या शेजारातल्या दोन मुलांनी भरतीचे अर्ज भरले, हेही नंतरच कळलं.

आणि सात नंबरला? तिथे मिस्त्री, मिस्त्रीणबाई आणि मुलगी तीन पिशव्या घेऊन रिकाम्या घरात उतरले. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी बारा दिवसांच्या सरावाला बाहेर गेले. सामानाचा पत्ता नाही. मी भांडारातून दोन खाटा, दोन कांबळी, दोन पातेली आणि एक बादली मिळवून दिली (बादलीला कडी नव्हती, पण अर्जात कडीचा उल्लेख मीच करायला विसरलो होतो) आणि वाहतूक कंपनीशी फोनवर भांडायला बसलो. तिकडचा माणूस म्हणे, “सामान पोचलंय, सही आहे.” मी म्हटलं, “कुणाची सही?” तो म्हणे, “तुमचीच.” मी म्हटलं, “ती दुसऱ्या ट्रकची.” तो म्हणे, “साहेब, आमचा एकच ट्रक आला तुमच्याकडे.” मी त्याला खोटेपणाबद्दल बरंच ऐकवलं. माणूस शेवटपर्यंत नम्र राहिला. त्याच्यासाठी मी आजही प्रार्थना करतो.

शुक्रवारी मिस्त्रीणबाई माझ्या खोलीत आल्या. उंच, शांत बाई, बोलताना आवाज चढत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचा उतरतो. म्हणाल्या, “कुटुंब परत पाठवायचा फॉर्म द्या.” हा फॉर्म म्हणजे जवान इथं एकटा बरॅकीत राहणार, बायकोमुलं कायमची माहेरी, क्वार्टर सोडला. मी म्हटलं, “सामान येईल हो, दोन दिवसांत.” तर म्हणाल्या, “आलं तर उतरवू नका, तसंच वळवा. सामानाचा प्रश्नच नाही, स्वागतराव. चार गावं झाली. प्रत्येक ठिकाणी मैत्रिणी केल्या आणि प्रत्येक ठिकाणी फाटकापाशी रडून सोडल्या. पोरीची ही पाचवी शाळा. ती म्हणते, आता मी कुणाचं नाव विचारणारच नाही, म्हणजे विसरायला नको. मागचं गाव सोडल्यापासून घराबाहेर कुणाशी बोलली नाही. मिस्त्रींना मी सांगितलंय, तुम्ही तुमची नोकरी करा, आम्ही एका जागी राहतो. त्यांनी मान डोलावली. पण त्या दिवशी जेवले नाहीत.”

फॉर्म माझ्या खणात होता, अक्का. वरच. मी म्हटलं, “फॉर्म संपलेत. सोमवारी येतील. म्हणजे या नाही, पुढच्या सोमवारी.” आयुष्यात मी फार थोडं खोटं बोललो आहे आणि तेही वाईट बोललो आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “बरं. पुढच्या सोमवारी.” त्या दिवसापासून मला दहा दिवस मिळाले आणि त्या दहा दिवसांत काय करायचं याची काडीइतकी कल्पना नव्हती. मी त्यांना मी लिहिलेली स्वागत-पुस्तिका नेऊन दिली. शेजारच्या आठ नंबरच्या नर्सबाईंना सांगून चहापानाचा घाट घातला. मिस्त्रीणबाई आल्या, चहा घेतला, ‘छान होता’ म्हणाल्या, गेल्या. काही हवं का, विचारलं की ‘काही नको’. मागायला त्यांची जीभच रेटत नव्हती. ज्या माणसाला काहीच नको त्याचं स्वागत कसं करतात हे पुस्तिकेत नाही. पुस्तिका मीच लिहिली असल्याने मला ते माहीत होतं.

तीनच दिवसांनी, सोमवारी, बारा नंबरची नवरी आली. चार दिवस दोघं खानावळीत जेवत होती, कारण सरकारी शेगडी पेटत नाही. मी गेलो. चावी फिरवली, काडी लावली, काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा काडी लावली आणि माझी डावी भुवई गेली. (ती आता आली आहे, थोडी पांढरी.) मला सुचलं, मिस्त्री नाहीत, पण मिस्त्रीच्या बायकोला यंत्रातलं काहीतरी कळत असेल. सात नंबरला जाऊन म्हटलं, “बाई, मदत हवी. मला नाही, एका नव्या मुलीला. तिची शेगडी पेटत नाही आणि माझी भुवई तर तुम्हाला दिसतेच आहे.” गेल्या चार दिवसांत त्यांना सगळे काहीतरी द्यायलाच आले होते, मागायला आलेला मी पहिला. पायात चप्पल घालून म्हणाल्या, “चला.” मुलगी मागोमाग आली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अजूनही दुपारी खुर्चीत डोळा लागला की तेच दिसतं. मिस्त्रीणबाई उंबऱ्यातून आत आल्या आणि थांबल्या. पडदे पाहिले. कप पाहिले. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, ते त्यांच्या माहेरचं. झोपेत माणूस स्वतःच्या घरात शिरतो आणि तिथे भलतीच माणसं जेवत असतात, असं स्वप्न आपल्याला पडतं ना, तसा त्यांचा चेहरा झाला. नवरी म्हणाली, “या ना ताई, बसा. ही खुर्ची घ्या, ही फार आरामशीर आहे.” त्या स्वतःच्या खुर्चीवर पाहुणीसारख्या, अगदी टोकावर बसल्या. मग उठल्या, शेगडीची चावी उलटी फिरवली, दाबली, काडी लावली. निळी ज्योत लागली. नवरीने टाळ्या वाजवल्या. “तुम्हाला कसं कळलं हो?” त्या म्हणाल्या, “अशीच एक होती माझ्याकडे. घरच्या माणसाने चावी उलटी बसवली होती.” नवरीने त्याच शेगडीवर चहा केला, आणि मिस्त्रीणबाईंनी स्वतःच्या कपातून तो घेऊन म्हटलं, “कप छान आहेत.” नवरी म्हणाली, “हो ना! सरकारची निवड चांगली आहे.” तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “तो कप तिथं नसतो. तो दुसऱ्या खुंटीवर.” मुलगी बोलली होती. आईने डोळे वटारले. नवरी म्हणाली, “खरंच, तिथंच शोभतो.”

बाहेर आल्यावर बाईंनी मला व्हरांड्यातली एक रिकामी पेटी दाखवली. “स्वागतराव, हा बारा म्हणजे आमचं मागचं घर. पेटीवर सोडलेल्या घराचा नंबर असतो. जायच्या घराचा नंबर आधी ठाऊक असता तर काय हवं होतं?” अक्का, अकरा वर्षं मी या पेट्या बघतो आहे आणि हे मला कुणी विचारलं नाही म्हणून मी कधी विचारात घेतलं नाही. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती सरकायलाही तयार नव्हती, तिथेच उभं राहावं लागलं. म्हटलं, “मी आत्ता जाऊन सांगतो तिला.” तर त्या म्हणाल्या, “राहू दे. त्या नवरीनं आईला पत्र टाकलंय. आणि मला तरी कुठं पेट्या उघडायच्या होत्या? तिथं निदान वापरात आहेत. जाताना भरून नेईन. फॉर्म तेवढा आणा.” मी हो म्हटलं. सामान सापडलं होतं, आणि माणसं अजून हरवलेलीच होती.

पण मग एक गंमत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी नवरी स्वतःच सात नंबरला गेली. “ताई, डाळीचा डबा उघडत नाही.” तिसऱ्या दिवशी, “ताई, घड्याळ मागे पडतंय.” बाई जायच्या, स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून बसायच्या, स्वतःच्या डब्याचं झाकण कसं उघडायचं ते शिकवायच्या. मुलगी बरोबर जायची आणि रोज एक वस्तू गुपचूप तिच्या जागी नेऊन ठेवायची. नवरी नवऱ्याला म्हणायची, शेजारी काय टापटिपीची मुलगी आहे! पडदेसुद्धा सुलटे झाले. मी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून तिथून जाई. खिडकीत दोन बायका आणि एक मुलगी दिसत, बोलत असलेल्या, दिवा लागलेला, आणि मला वाटे हे मी त्या रिकाम्या क्वार्टरात बसून मनाशी मांडलं होतं तसंच आहे, फक्त माणसं जरा इकडची तिकडे झाली आहेत. खणातला फॉर्म मात्र तसाच होता. बाई भेटल्या की न चुकता म्हणायच्या, “सोमवार.”

शनिवारी दुपारी मुलगी नवरीकडे एकटीच खेळत होती आणि खेळता खेळता त्या लहान पलंगावर झोपली. नवरी पांघरूण घालायला गेली. बघते तर पोरीने झोपेतच पाय दोन गजांच्या मधून बाहेर काढला होता, आणि तिथला रंग बरोबर पायाएवढा झिजलेला. माणूस परक्या पलंगावर असा झोपत नाही. उशाच्या पत्र्यावर खिळ्याने ओरखडून चार छोटी घरं काढली होती, प्रत्येकाच्या दारावर नंबर, प्रत्येकावर फुली. शेवटच्या घरावर बारा. त्याच्यापुढे पाचवं घर होतं, त्याचं नुसतं दार काढलेलं, नंबर नाही. नवरी व्हरांड्यात जाऊन पेट्या बघून आली, त्यांवरही तोच बारा, फुली मारलेल्या घराचा. मग तशीच धावत, हातात दोन कप घेऊन (दोनच का, तिला अजूनही सांगता येत नाही), सात नंबरला गेली आणि हमसून हमसून रडली. “ताई, मी सहा दिवस तुमचं मीठ खाल्लं आणि तुम्ही बोलला नाहीत!” बाई म्हणाल्या, “अगं, मीठच खाल्लंस ना.”

मग क्वार्टरांची सगळी ओळच बाहेर आली. गोष्ट पाच मिनिटांत पसरली. (माझ्याविषयी काय काय पसरलं ते लिहीत नाही.) ट्रकची वाट कोण बघणार? नर्सबाई, बिगूलवाला, त्याचे बँडवाले दोस्त, नऊ नंबरचे म्हातारे आचारी, ज्याच्या हाताला लागेल ती वस्तू घेऊन बारा नंबरहून सात नंबरकडे चालू लागले. कुणी गादी डोक्यावर, कुणी हातात एकच चमचा. बाई दारात उभ्या. पहिल्याने विचारलं, “वहिनी, हे कुठं ठेवू?” त्या म्हणाल्या, “कुठंही टाका, परवा बांधायचंच आहे.” दुसऱ्यालाही तेच. तिसरे आचारी होते, त्यांनी आरसा खिडकीसमोर टेकवला. बाईंना राहवलं नाही. “अहो काका, तिथं नको, ऊन डोळ्यांत येतं. या भिंतीला लावा.” मग घड्याळ आलं. “ते वर. आणखी वर. हां.” मग खुर्ची. “दाराकडे तोंड करून.” साठसत्तर वेळा कुणी ना कुणी विचारलं, कुठं ठेवू, आणि साठसत्तर वेळा त्यांनी बोट दाखवलं. मुलगी उठून आली होती, ती वाटेत उभी राहून वाहतूक सांभाळत होती, “डबेवाले डावीकडून! काका, तुमचं नाव काय? नावाने हाक मारल्याशिवाय तुम्ही ऐकत नाही.” मी खाट धरून उभा होतो, तिथंच थांबलो. तिने नाव विचारलं होतं.

संध्याकाळी बारा नंबर ओकाबोका झाला आणि नवरा-नवरी दोन बॅगांवर बसली. बाईंनी शेगडी आणि दोन कप परत पाठवले. “आत्ता असू दे. परत करायची घाई नाही.” नवरीला आईला दुसरं पत्र लिहावं लागलं, त्या दोन मुलांपैकी एकाने अर्ज मागे घेतला.

सोमवारी सकाळी मी लवकर येऊन बसलो. देवाला म्हटलं, आता मी काही बघत नाही, तूच बघ. फॉर्म खणातून काढून टेबलावर ठेवला, म्हणजे निदान दुसऱ्यांदा खोटं बोलायला नको. समोरच्या रस्त्याने मुलगी दप्तर घेऊन शाळेकडे जाताना दिसली, हात नवरीच्या हातात. नवरीला पोस्टात जायचं होतं, पोस्ट शाळेशेजारी, आणि ‘काकूला रस्ता माहीत नाही’ म्हणून मुलगी तिला पोचवायला निघाली होती. (पुस्तिकेतला नकाशा नवरीकडे होता. असो.) मागोमाग बाई आल्या. टेबलावरचा फॉर्म त्यांनी पाहिला. म्हणाल्या, “आले वाटतं.” मी म्हटलं, “आले.” त्यांनी तो कागद उचलला, उलटसुलट पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “हा नको. दुसरा द्या. मोरीतला नळ गळतोय, त्याच्या तक्रारीचा.”

अक्का, अकरा वर्षांच्या नोकरीत मी एवढं एकच शिकलो आहे. जाणारा माणूस गळक्या नळाला चिंधी बांधतो. तक्रार राहणारा करतो. मी दोन प्रतींत फॉर्म भरून घेतला, शिक्का मारला, आणि बाई गेल्यावर दार लावून थोडा वेळ बसलो. नोंदवहीत लिहिलं, ‘कक्ष हवेशीर केला’.

पत्र फार लांबलं. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भावजींच्या खोकल्याला माझी ओळख सांगणे. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकला तर वाढवावा.

तुझा धाकटा
(इकडचा स्वागतराव)

ता. क. स्वागत-पुस्तिकेची एक प्रत वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. नकाशावर विसंबू नये, त्यात दक्षिण वर गेली आहे. आपल्या गावच्या शाळेत नकाशा दक्षिणेकडच्या भिंतीवर टांगलेला असे, तेव्हापासून माझं हे असंच आहे.

आणखी ता. क. वर जे सगळं लिहिलं ते खरं आहे, पण त्याचा आता उपयोग नाही. या मंगळवारी हुकूम आला. मिस्त्रींची बदली झाली. नळ दुरुस्त करणारा माणूसही, वर्षानंतर, त्याच मंगळवारी आला. बदली तुझ्याच गावाबाहेर जो नवा डेपो झाला आहे तिथे, आणि तीन आठवड्यांत निघायचं आहे. बाई कालच आल्या होत्या. तोच, कुटुंब परत पाठवायचा, फॉर्म मागितला. या वेळी मला नाही म्हणवलं नाही, दिला. त्यांनी तिथेच बसून सगळा भरला, सहीची जागा तेवढी सोडली आणि म्हणाल्या, “स्वागतराव, ही क्वार्टरांची ओळ सोडताना मला जे होतंय ते सहाव्यांदा नको.” तेव्हा मी म्हटलं, त्या गावात माझी थोरली बहीण असते. एकटीच असते. डोळ्यांनी अधू झाली आहे, सुईत दोरा ओवता येत नाही, कपडे फाटके घालून बसते, दारात माणूस म्हणून येत नाही. (भावजींनी, दोन्ही चिरंजिवांनी आणि दोन्ही सुनांनी मला क्षमा करावी. पंचवीस वर्षं तू अख्ख्या गावाचे कपडे शिवते आहेस हे मला माहीत आहे, आणि मुंगीच्या पायातला काटा तुला दिसतो हेही.) बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “त्यांचं कुणीच नाही का हो?” मी म्हटलं, “कुणीच नाही.” त्यांनी तुझा पत्ता लिहून घेतला, त्याच फॉर्मच्या मागे.

तर माझी खरी विनंती अशी. त्या आल्या की स्वागत करू नकोस. स्वयंपाक करून ठेवू नकोस, घर लावायला तर मुळीच जाऊ नकोस, त्यांना काही देऊ नकोस. फक्त माग. काहीही माग. मुलीकडेही माग. आणि पहिले दोन तास भावजींना, मुलांना आणि सुनांना कुठंतरी पाठव, शिलाई मशीनवर चादर टाक.

शेवटचं ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात मुलगी येऊन निरोप देऊन गेली. फॉर्मवर अजून सही झालेली नाही. आईने विचारलंय, तुमच्या अक्कांना पांढरा दोरा जास्त लागतो की काळा? त्या प्रवासात दोन्हीच्या वीस वीस सुया ओवून आणणार आहेत. मी सांगितलंय, दोन्ही लागतात. तेव्हा अक्का, चष्मा नसला तर आजच एक कर, जाड भिंगांचा, आणि चालताना एकदा तरी दाराला धडक.